कीबोर्ड ग्रबमध्ये चालतो, लॉगिनवर बंद पडतो – कर्नलमध्ये काय घालायचं राहिलंय?

निपाणीच्या एका डीटीपी-झेरॉक्सवाल्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दुकानात कोअर टू ड्युओची सेकंडहँड मशीनं आहेत, त्यांवर डेबियन घातलंय. रॅम कमी म्हणून त्यांनी घरच्या लॅपटॉपवर 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवून लहान कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधला आणि तोच दुकानातल्या मशीनवर बसवला. आता ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कुठला कर्नल चालवायचा ते विचारणाऱ्या मेन्यूत कीबोर्ड चालतो, पण लॉगिनच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माऊस दोन्ही गप्प. पेनड्राइव्ह लावला तर पडद्यावर ओळी येतात, म्हणजे यूएसबी चालू आहे. गोल पिनेचा जुना कीबोर्ड अडॅप्टर घालून यूएसबीत लावून बघितला, तोही चालत नाही. जुन्या कर्नलवर सगळं ठीक आहे, फक्त माऊस मधूनमधून अडकतो. आणि शेवटी त्यांनी विचारलंय की मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करायचं तर कर्नलमध्ये वेगवेगळे ड्रायव्हर घालावे लागतात काय.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर नीट कळलं की बाकीचं कुठं शोधायचं ते आपोआप कळतं.

कर्नलच्या ड्रायव्हरला भाषा नसते. इंग्रजी 'के'चं बटण घ्या. ते दाबलं की यूएसबी कीबोर्ड आठ बाइटचा एक रिपोर्ट पाठवतो. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांची स्थिती, दुसरा राखीव, आणि उरलेल्या सहात त्या क्षणी दाबलेली बटणं. 'के'साठी तिथं १४ हा आकडा येतो. गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड त्याच बटणासाठी हेक्समधला ४२ पाठवतो आणि मदरबोर्डवरचा आय८०४२ कंट्रोलर त्याचा हेक्स २५ करून पुढे देतो. दोन वाटा, दोन वेगळे आकडे. पण यूएसबीच्या बाजूचा एचआयडी (कीबोर्ड-माऊससारख्या साधनांचा) ड्रायव्हर असो की पीएस/२ च्या बाजूचा एटीकेबीडी, दोघेही आपापल्या तक्त्यात बघून वर एकच क्रमांक देतात: ३७. 'इव्हटेस्ट' चालवून बघा की, बटण दाबलं की ३७ आणि किंमत १, सोडलं की किंमत ०, दाबून धरलं तर २, २, २ अशी रांग लागते. कर्नलचं काम इथं संपलं.

त्या ३७ चं इंग्रजी 'के' करायचं, मराठी क करायचा की कन्नड क करायचा, हे वरच्या थरात एक्सकेबी ही कीबोर्डच्या मांडण्या सांभाळणारी व्यवस्था ठरवते. म्हणून 'मराठी टाइप होत नाही' ही तक्रार घेऊन कर्नलच्या कॉन्फिगमध्ये शिरू नका. तसंच 'काहीच टाइप होत नाही' ही तक्रार घेऊन भाषेच्या सेटिंगमध्ये रात्र घालवू नका. आपल्या भागात ही गल्लत फार होते, कारण सकाळी तहसील कार्यालयासाठी कन्नड अर्ज, दुपारी मराठी लग्नपत्रिका असं एकाच खुर्चीवरून चालतं आणि काही बिघडलं की संशय पहिला भाषेवर जातो.

आता मूळ दुखणं. ग्रबमध्ये कीबोर्ड चालतो यावरून कीबोर्ड आणि पोर्ट ठीक आहेत एवढंच सिद्ध होतं. ग्रबच्या वेळी लिनक्सचा एकही ड्रायव्हर चालू नसतो. तिथं कीबोर्ड बायोस सांभाळतं; 'यूएसबी लेगसी सपोर्ट' नावाच्या सोयीनं बायोस यूएसबी कीबोर्डला जुन्या पीएस/२ सारखा भासवतं. कर्नल सुरू होताना यूएसबी कंट्रोलरचा ताबा बायोसकडून काढून घेतो आणि ती सोय त्याच क्षणी बंद पडते. पुढे कर्नलकडे स्वतःचा ड्रायव्हर असेल तर कीबोर्ड चालणार, नसेल तर नाही. तुमच्याकडे नाही, आणि तो का नाही हे तुमच्याच वर्णनात आहे.

'लोकलमॉडकॉन्फिग' काय करतं? त्या क्षणी त्या मशीनवर जे मॉड्यूल (लागेल तेव्हा कर्नलमध्ये चढणारे ड्रायव्हर) लोड झालेले आहेत तेवढे ठेवतं, बाकीचे मॉड्यूल कॉन्फिगमधून काढून टाकतं. तुमच्या लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड आणि टचपॅड बहुतेक आतून पीएस/२ वर आहेत आणि तेव्हा बाहेरचा माऊस लावलेला नसणार. मग यूएसबीएचआयडी, म्हणजे यूएसबी कीबोर्ड-माऊसचा मॉड्यूल, लोडच झालं नव्हतं आणि ते गेलं. पेनड्राइव्ह मात्र लावलेला असणार, म्हणून यूएसबी-स्टोरेज राहिलं.

पण एवढं एकच कारण धरून यूएसबीएचआयडी घातलंत तरी तुमच्या मशीनवर कीबोर्ड चालेलच असं नाही. दुसरी गोष्ट राहिली आहे आणि ती जास्त फसवी आहे. कोअर टू ड्युओच्या काळातल्या इंटेल मदरबोर्डवर एकाच यूएसबी पोर्टामागे दोन प्रकारचे कंट्रोलर असतात. ईएचसीआय हा यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिटच्या वेगासाठी, आणि त्याचा जोडीदार यूएचसीआय हा १२ आणि १.५ मेगाबिटच्या जुन्या वेगांसाठी. पेनड्राइव्ह ४८० वर बोलतो, त्याला ईएचसीआय पुरतो. साधा कीबोर्ड आणि साधा माऊस १.५ मेगाबिटवर बोलतात. ईएचसीआयला तो वेग थेट हाताळता येत नाही, तो पोर्ट जोडीदाराकडे सोपवतो. जोडीदाराचा ड्रायव्हरच कर्नलमध्ये नसेल तर कीबोर्ड लावलाय हे कर्नलला कळतच नाही. पुढच्या पिढीच्या इंटेल चिपसेटमध्ये, म्हणजे साधारण पहिल्या कोअर आय-मालिकेपासून, हे जोडीदार काढून चिपसेटच्या आतच हब बसवला गेला. तुमचा लॅपटॉप त्यानंतरचा असणार, म्हणून त्यावर यूएचसीआयचा मॉड्यूल लोड होण्याचं कारणच नव्हतं. लॅपटॉपच्या दृष्टीनं कॉन्फिग बरोबर होतं, पण ते दुकानातल्या मशीनचं नव्हतं. 'पेनड्राइव्ह चालतो, कीबोर्ड नाही' हे लक्षण जुन्या मशीनवर दिसलं की आधी यूएचसीआय बघायचं. एएमडी किंवा एनव्हिडिया चिपसेट असेल तर त्याच जागी ओएचसीआय.

तपासायला आत तर शिरायला हवं. त्यासाठी तुमचा तो गोल पिनेचा कीबोर्डच कामाला येईल. अडॅप्टर काढा, मशीन पूर्ण बंद करा आणि कीबोर्ड मागच्या जांभळ्या सॉकेटात थेट लावा. लॅपटॉपच्या कीबोर्डमुळे आय८०४२ आणि एटीकेबीडी तुमच्या लहान कर्नलमध्ये राहिलेले असणार, त्यामुळे तो लॉगिनला चालायला हवा. चालू मशीनमध्ये पीएस/२ कीबोर्ड काढायचा-घालायचा नाही. हे पोर्ट १९८७ च्या आयबीएम पीएस/२ बरोबर आलं आणि चालू असताना जोडण्यासाठी ते बनवलेलंच नाही. बऱ्याचदा काही होत नाही, पण कंट्रोलर जायचा तर असाच जातो.

अडॅप्टरचं कोडं वेगळं आहे. बाजारात मिळणारा लहान हिरवा-जांभळा अडॅप्टर म्हणजे फक्त तारांची जुळवाजुळव असते, आत कुठलीही चिप नसते. तो अशाच कीबोर्डला चालतो ज्याला दोन्ही भाषा बोलता येतात. निव्वळ पीएस/२ कीबोर्ड यूएसबीवर आणायला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. इथं कर्नलमध्ये काही बदलून उपयोग नाही. जुने मेकॅनिकल कीबोर्ड टाइपिंगला इतके चांगले आहेत की त्यांच्यासाठी तसा कन्व्हर्टर घेणं मला योग्य वाटतं.

आत शिरल्यावर 'एलएसयूएसबी -टी' चालवा. यूएसबी कीबोर्डची 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस' अशी ओळ यादीत कुठंच नसेल तर कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. ओळ आहे पण ड्रायव्हरची जागा रिकामी असेल तर एचआयडी नाही. 'एलएसपीसीआय -के' मध्ये प्रत्येक यूएसबी कंट्रोलरखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ यायला हवी. यूएचसीआयच्या खाली ती नसेल तर खात्री झाली. आणि तिसरं, /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हायसेस ही फाइल उघडून बघा. त्यात प्रत्येक कीबोर्ड-माऊसखाली 'हँडलर्स' अशी ओळ असते. कीबोर्डसमोर 'केबीडी' आहे पण 'इव्हेंट' आणि आकडा असं काही नाही, तर इव्हडेव्ह (कॉन्फिगमधला इव्हेंट इंटरफेस) घालायचं राहिलंय. तेव्हा काळ्या टेक्स्ट पडद्यावर टाइप होतं आणि ग्राफिकल लॉगिनला आलं की काहीच हलत नाही, कारण ग्राफिकल पडदा सांभाळणारे एक्स आणि वेलँड दोन्ही इव्हडेव्हमधूनच वाचतात.

सुरुवातीच्या संदेशांत 'आय८०४२: पीएनपी: नो पीएस/२ कंट्रोलर फाउंड' अशी ओळ दिसली तर घाबरू नका. ज्या मशीनला ते सॉकेटच नाही तिथं ती यायचीच.

आता कॉन्फिग. 'मेक मेन्यूकॉन्फिग' उघडून डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये जा. इनपुट डिव्हाइस सपोर्टमध्ये इव्हेंट इंटरफेस, कीबोर्डखाली एटी कीबोर्ड, माइसखाली पीएस/२ माऊस, आणि हार्डवेअर आय/ओ पोर्ट्सखाली आय८०४२. तिथून बाहेर येऊन एचआयडीच्या विभागात जेनेरिक एचआयडी ड्रायव्हर आणि यूएसबी एचआयडी ट्रान्सपोर्ट लेअर. मग यूएसबी सपोर्टमध्ये एक्सएचसीआय, ईएचसीआय, ओएचसीआय आणि यूएचसीआय. एवढ्या सगळ्यांपुढे माझ्या मते 'एम' (मॉड्यूल) नको, तारा हवा, म्हणजे ते कर्नलच्या आतच बांधले जातील. हे ड्रायव्हर लहान आहेत. मॉड्यूल ठेवले तर ते इनिट्रॅमएफएसमध्ये, म्हणजे मुख्य डिस्क उघडण्याआधी रॅममध्ये चढणाऱ्या छोट्या गठ्ठ्यात गेलेत की नाही ही काळजी मागे लागते. डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल आणि पासवर्ड विचारायच्या क्षणी कीबोर्डचा मॉड्यूल अजून डिस्कच्या आतच कुलूपबंद असेल, तर काय करणार? एक लक्षात ठेवा, यूएसबी सपोर्ट हा मुख्य पर्यायच 'एम' असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या एचआयडीला तारा देता येत नाही. आधी वरचा तारा, मग खालचा.

त्याच विभागात 'यूएसबी एचआयडी बूट प्रोटोकॉल ड्रायव्हर्स' असं काही दिसलं तर हात लावू नका. यूएसबीकेबीडी आणि यूएसबीमाऊस ही नावं बघून हेच आपले ड्रायव्हर असं वाटतं. ते फार मर्यादित साधनांसाठी केलेले साधे ड्रायव्हर आहेत, त्यांच्यावर जास्तीची बटणं वगैरे चालत नाहीत. ट्रान्सपोर्ट लेअरला तारा दिलात तर तो मेन्यूच नाहीसा होतो, हे बरंच आहे.

कुठल्या लॅपटॉपसाठी असाच कर्नल बांधणार असाल तर वेगळी तयारी लागते. अलीकडच्या लॅपटॉपचे टचपॅड आय२सी वर असतात. त्यांना आय२सी-एचआयडी, एचआयडी मल्टिटच, शिवाय इंटेल एलपीएसएस आणि त्या चिपसेटचा पिनकंट्रोल लागतो. शेवटचे दोन बहुतेक लोक विसरतात, कारण त्यांच्या नावात टचपॅडचा उल्लेखही नाही.

तारा दिल्यावर एक बदल होतो. ड्रायव्हर मॉड्यूल असताना त्याचे पर्याय मॉडप्रोब.डी मधल्या फाइलीत लिहितात. तोच ड्रायव्हर आत बांधला की त्या फाइलीकडे कोणी बघत नाही. पर्याय ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत लिहावा लागतो, आधी ड्रायव्हरचं नाव, मग टिंब, मग पर्याय. 'फाइल बरोबर लिहिली, अपडेट-इनिट्रॅमएफएस पण केलं, तरी फरक नाही' असं होतं तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. उदाहरण बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधलं घ्या. दोन मशीनं एकाच केव्हीएम स्विचवर (एकच कीबोर्ड-माऊस-पडदा दोघांत वाटणारा स्विच), पीएस/२ माऊस, आणि मशीन बदललं की पॉइंटर कोपऱ्यात उडी मारतो. कर्नलच्या संदेशांत 'लॉस्ट सिंक्रोनायझेशन' अशी ओळ येते. माऊसला चाकाचा साधा प्रोटोकॉल सक्तीनं दिला की हे बऱ्याचदा थांबतं: पीएसमाऊस.प्रोटो=आयएमपीएस. आत बांधलेलं असेल तर ही अख्खी ओळ ग्रबमध्ये; मॉड्यूल असेल तर मॉडप्रोबच्या फाइलीत 'ऑप्शन्स पीएसमाऊस प्रोटो=आयएमपीएस'.

तुमच्या माऊसचं अडकणं मात्र ड्रायव्हर नसल्यामुळे नाही, वीज वाचवण्यामुळे असावं. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, इन्व्हर्टर जास्त वेळ टिकावा म्हणून कोणीतरी 'पॉवरटॉप' आपोआप चालेल असं करून ठेवतं. त्याचं ऑटो-ट्यून सगळ्याच यूएसबी साधनांना झोपायची परवानगी देतं, माऊसलाही. दोन सेकंद हात काढला की माऊस झोपतो आणि पहिली हालचाल वाया जाते. /सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस मध्ये माऊसच्या फोल्डरातली पॉवर/कंट्रोल ही फाइल बघा. 'ऑटो' असेल तर तिथं 'ऑन' लिहा. फरक पडला तर युडेव्हचा (साधन लावलं की आपोआप लागू होणारा) एक नियम करून कायम करा. सगळ्या यूएसबीची झोप बंद करायला ग्रबमध्ये यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१ लिहितात, पण पॉवरटॉप नंतर चालत असेल तर ते पुन्हा 'ऑटो' करतं, म्हणून मूळ तिथंच बंद केलेलं बरं. माऊसच्या पोलिंगचा वेग वाढवायचे सल्लेही मिळतील. डीटीपीच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही.

काही मेकॅनिकल कीबोर्ड स्वतःची ओळख अ‍ॅपलच्या क्रमांकानं देतात. मग कर्नल त्यांना एचआयडी-अ‍ॅपल ड्रायव्हर लावतो आणि एफ१, एफ२ ऐवजी आवाज-उजेडाची बटणं चालू लागतात. त्या ड्रायव्हरला एफएनमोड=२ दिलं की एफची बटणं परत येतात.

आता भाषेकडे, कारण दुकान त्यावरच चालतं. डेबियनमध्ये /ईटीसी/डीफॉल्ट/कीबोर्ड ही फाइल आहे. लेआउटच्या ओळीत यूएस, आयएन, आयएन लिहा. व्हेरिएंटच्या ओळीत पहिली जागा रिकामी, मग मराठी, मग केएएन. ऑप्शनमध्ये ऑल्ट-शिफ्ट टॉगल. डेस्कटॉपची स्वतःची कीबोर्ड सेटिंग असेल तर तीच निवड तिथंही करा, कारण लॉगिननंतर तिचं चालतं.

हे दोन्ही व्हेरिएंट इनस्क्रिप्ट या मांडणीचे आहेत आणि आपल्या भागासाठी मला हीच मांडणी सगळ्यांत सोयीची वाटते. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातली ही मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना एकच जागा देते. ज्या बटणावर मराठी क, त्याच बटणावर कन्नड क. 'एच'वर प, 'एल'वर त, 'जे'वर र, 'डी'वर हलन्त, दोन्ही भाषांत. एकदा हात बसला की दुसरी भाषा टाइप करायला नव्यानं शिकावं लागत नाही, फक्त ऑल्ट-शिफ्ट. चिकोडी, अथणी, खानापूरकडच्या ज्या मुलामुलींना दोन्ही भाषांत अर्ज टाइप करायचे असतात त्यांनी दोन वेगळ्या मांडण्या शिकण्यात महिने घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

पण तुमच्याकडे बसणाऱ्या ऑपरेटरचा हात आधीच नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या मांडणीवर बसलेला असेल तर त्याला इनस्क्रिप्टवर ओढू नका. कन्नड गणक परिषदेची ती उच्चारानुसारी मांडणीही एक्सकेबीत आहे, केएएन-कगप या नावानं, आणि तिच्याच धर्तीची मराठीही आहे, एमएआर-कगप. दोन्ही भाषा त्याच पद्धतीनं मिळतात. नुसत्या काळ्या टेक्स्ट कन्सोलवर मात्र मराठी-कन्नड दिसणार नाही. तिथं जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती बसतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोय नाही.

रॅमबद्दल स्पष्ट सांगतो: लहान कर्नलनं तुमची अडचण फारशी सुटणार नाही. लोड न झालेला मॉड्यूल रॅम खात नाही, फक्त डिस्कवर पडून राहतो. रॅम ब्राउझर आणि डेस्कटॉप खातात. हलका डेस्कटॉप घातलात तर फरक लगेच दिसेल. तरीही कर्नल स्वतः बांधायचाच असेल, आणि शिकण्यासाठी जरूर बांधा, तर यादी लॅपटॉपची घेऊ नका. दुकानातली मशीनं डेबियनच्या मूळ कर्नलवर सुरू करा. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्कॅनर, पेनड्राइव्ह, जे जे रोज लागतं ते सगळं एकेकदा लावा. मग प्रत्येक मशीनवर 'एलएसमॉड'चं आउटपुट फाइलीत घ्या आणि त्या सगळ्या फाइली एका फाइलीत जोडा. लॅपटॉपवर बांधताना 'एलएसमॉड=' पुढे त्या फाइलीचं नाव देऊन लोकलमॉडकॉन्फिग चालवा. वर सांगितलेले तारे त्यानंतर हातानं द्या, आधी नाही. 'मेक बिनडेब-पीकेजी' केलं की डेब पॅकेज तयार होतात. ती बसवली की प्रत्येक मशीन आपलं इनिट्रॅमएफएस आपणच बनवतं. डेबियनचा मूळ कर्नल ग्रबमध्ये राहू द्या, तो काढू नका.

एवढं करूनही यूएसबी कीबोर्ड उठला नाही तर जांभळ्या सॉकेटातून आत शिरून 'एलएसयूएसबी -टी', 'एलएसपीसीआय -के' आणि त्या डिव्हायसेस फाइलीचा मजकूर, तिन्ही जसंच्या तसं पाठवा.